विमानाचं वेड आहे, पण कशाचं?

“सर, ह्याला लहानपणापासून विमानांचं वेड. एरोनॉटिकलला घालू ना?” दहावीचा निकाल लागला की असे पालक हमखास येतात. मी मुलालाच विचारतो, “जेट इंजिन विमानाला पुढे कसं ढकलतं रे?” बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: मागचा झोत बाहेरच्या हवेवर आपटतो म्हणून.

तसं नसतं. इंजिन पुढून हवा ओढतं, कॉम्प्रेसर ती दाबतो, मग इंधन पेटतं आणि तापून फुगलेला वायू टर्बाइन फिरवत मागे सुसाटतो. त्या टर्बाइनच्याच दांड्यावर कॉम्प्रेसर फिरतो. इंजिन हवेला मागे रेटतं, हवा इंजिनाला पुढे. न्यूटनचा तिसरा नियम. झोताला आपटायला मागे काही लागत नाही.

प्रवासी विमानात तर पुढचा मोठा पंखा बहुतेक हवा गाभ्याला वळसा घालूनच मागे ढकलतो. ए-३२० निओच्या लीप इंजिनात गाभ्यातून १ किलो हवा गेली, तर बाहेरून साधारण ११ किलो जाते. कारण संवेग वाढतो वेगाच्या पटीत, ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गात. थोडी हवा सुसाट फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेतानं ढकलणं इंधनाला स्वस्त पडतं. हे ऐकून जो कागद-पेन मागतो, त्याला खुशाल एरोस्पेसला पाठवा. आयआयटी मुंबईत ही शाखा आहे. वाट जेईई ॲडव्हान्स्डची.

एखादी मुलगी मात्र विचारते, “टर्बाइनची पाती वितळत कशी नाहीत?” लाख मोलाचा प्रश्न! तिथला वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तापलेला असतो. निकेलच्या मिश्रधातूचं, एकाच स्फटिकाचं पातं, आतून पोकळ. बारीक छिद्रांतून निघणारी त्यामानानं थंड हवा अंगावर पापुद्र्यासारखी पसरते, तेव्हा कुठे ते तगतं. भारताच्या तेजस लढाऊ विमानासाठी योजलेलं कावेरी इंजिन मागे पडलं आणि तेजस अमेरिकी एफ-४०४ वर उडालं, त्यात अशा धातूंची अडचणही होती. या मुलीनं मेटलर्जी घ्यावी. शाखेच्या नावात विमान नाही म्हणून आईवडील नाराज होतात, तो भाग वेगळा.

आणि हातात पाना असल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याच्यासाठी एएमई, म्हणजे विमान देखभालीचा परवाना. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांचं देखभाल केंद्र आहे. परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देतं, कॉलेज नव्हे. तेव्हा फी भरण्याआधी संस्थेला डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता आहे का, ते त्यांच्या माहितीपत्रकात नव्हे, डीजीसीएच्या यादीत पाहा.