काकडं म्हणजे काकडी नव्हे! (रानभाज्यांच्या नावांचा एक पाठ)



पहिला पाऊस पडला की पालघर-बोईसरच्या बाजारात आदिवासी मावश्या शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. गेल्या जूनमध्ये माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने शेवळं घेतली. हे कुटुंब तारापूर एमआयडीसीत कामासाठी उत्तर प्रदेशातून आलेलं. मावशी म्हणाल्या, "काकडं टाका, नायतर खाजेल." आईला वाटलं, काकडी! ती घरात होतीच. चिरून घातली. रात्री सगळ्यांचं तोंड आणि घसा खाजत राहिला.

मुलाने हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळे हसले. पण एक वारली मुलगी म्हणाली, "काकडं झाडाला लागतात, वेलाला नाय." दुसऱ्या दिवशी ती मूठभर काकडं घेऊन आली आणि आमचा पाठ सुरू झाला.

खाज का सुटली?
शेवळं ही सुरणाची जवळची नातेवाईक. दोघांचीही प्रजाती अमॉर्फोफॅलस. यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि काकडांचा आंबट रस किंवा चिंच घालून भाजी शिजवतात.

नाव सारखं, वस्तू वेगळी
१) काकडं : झाडाचं आंबट फळ. गरुगा पिन्नाटा.
२) काकडी : आपली कोशिंबिरीची. क्युक्युमिस सटायव्हस. हिंदीत हिला खीरा म्हणतात.
३) हिंदीतली ककडी : लांब, बारीक. क्युक्युमिस मेलो, म्हणजे खरबुजाचीच जात!

वस्तू एक, नावं अनेक
टाकळ्याला विदर्भात तरोटा, कोकणीत तायकिळो, हिंदीत चकवड म्हणतात. शास्त्रीय नाव सेना टोरा. जुन्या पुस्तकांत केशिया टोरा दिसेल, कारण अभ्यास पुढे गेला की शास्त्रीय नावही बदलू शकतं.

शेवग्याला हिंदीत सहजन, गुजरातीत सरगवो, तमिळमध्ये मुरुंगै. शास्त्रीय नाव मोरिंगा ओलिफेरा. यातलं 'मोरिंगा' आलंय तमिळ मुरुंगैवरून! कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला शब्द जगभरच्या पुस्तकांत गेला.

१७५३ साली स्वीडनच्या लिनियसने वनस्पतींना अशी दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ केली. मुलांना मी सांगते, पहिला शब्द आडनावासारखा (प्रजाती), दुसरा स्वतःच्या नावासारखा (जाती).

वर्गात काय केलं?
वहीत चार रकाने आखले : घरचं नाव, बाजारातलं नाव, शास्त्रीय नाव, कसं खातात. पहिले दोन आणि शेवटचा रकाना मुलांनी आई-आजीला विचारून भरला. तिसरा आम्ही मिळून शोधला.

एक कबुली देते. पूर्वी एका मुलाने उत्तरात 'तरोटा' लिहिलं होतं आणि मी ते लाल पेनाने खोडलं होतं. त्याचं चुकलं नव्हतं, माझंच माहीत नव्हतं. आता मी शब्द खोडत नाही, शेजारी दुसरा लिहून देते. शास्त्रीय नाव सांगतं वनस्पती नेमकी कोणती, आणि ती कशी खायची हे घरचं नाव घेणाऱ्यांना ठाऊक असतं. दोन्ही हवीत.

पालकांनो, फक्त नाव किंवा फोटो जुळला म्हणून कुठलीही रानभाजी तोडून खाऊ नका. ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या. आणि विकणाऱ्या मावशींना दोन प्रश्न जरूर विचारा : "तुमच्याकडे हिला काय म्हणतात? आणि शिजवता कशी?" सोबत मुलांनाही न्या!