वेल्डिंगचा धूर आणि कारागिराचा मेंदू

मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरांत पावसाळी मासेमारीबंदी लागली की ट्रॉलर किनाऱ्याला लागतात आणि वेल्डरच्या हाताला काम येते. विंच, इंजिनाची बैठक, गंजलेले पत्रे, सारे याच दिवसांत उरकायचे असते. बाहेर पावसाची झड, म्हणून कारखान्याचे शटर अर्धे ओढलेले आणि धूर आतच कोंडलेला. डोळ्यांपुढे काळी काच धरण्याची सवय बहुतेकांना आहे. पण काच डोळे वाचवते, धूर अडवत नाही. या धुरात मँगनीज नावाचा धातू असतो. आजचा धडा त्याच्याबद्दल आहे.

मँगनीज येते कोठून?

आपल्या राज्यात मँगनीजच्या खाणी नागपूर व भंडारा जिल्ह्यांत आहेत. पोलादाला बळकटी यावी म्हणून त्यात मँगनीज घालतात. वेल्डिंगच्या रॉडमध्येही ते असते. लोखंडापेक्षा ते कमी उष्णतेला उकळते. त्यामुळे रॉडमध्ये थोडेच असले तरी धुरात त्याचे प्रमाण वाढते. धुराचे कण इतके बारीक असतात की ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात.

शरीरात काय होते?

चहा, तांदूळ, गहू यांतूनही मँगनीज पोटात जाते आणि थोडे शरीराला हवेच असते. जास्तीचे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून गेलेले मात्र यकृताला वळसा घालून रक्तात उतरते आणि मेंदूत पोहोचते. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या खोल भागात ते साठते. यकृताचा आजार असलेल्यांना आणि अंगात लोह कमी असलेल्यांना धोका अधिक.

ही गोष्ट नवी नाही. 1837 मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टरांनी मँगनीजची भुकटी दळणाऱ्या पाच कामगारांचा आजार नोंदवला होता. 2017 मध्ये अमेरिकेतील 886 कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत जहाजबांधणीतले वेल्डर होते. धूर जितका जास्त, तितकी हातांची मंदगती, ताठरपणा आणि बोलण्यातील अडखळ वाढत गेलेली आढळली. वेल्डिंगमुळे खुद्द पार्किन्सन रोग होतो का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण त्यासारखी लक्षणे दिसतात, हे ध्यानात ठेवावे.

ओळखावे कसे?

सुरुवात साधी असते: चिडचिड, झोप बिघडणे, विसरणे, थकवा. पुढे आवाज मंदावतो, अक्षर बारीक होते, सदऱ्याचे बटण लावायला वेळ लागतो, मागे सरकताना तोल जातो. घरची माणसे हे आधी ओळखतात. डॉक्टरांकडे गेल्यावर "मी इतकी वर्षे वेल्डिंग करतो" हे आवर्जून सांगा. नुसती रक्ततपासणी पुरेशी नसते. एमआरआयमध्ये खूण दिसू शकते. पार्किन्सनची नेहमीची औषधे या विषबाधेत फारशी लागू पडत नाहीत. म्हणून काळजी आधीच घ्यावी.

काय करावे?

1. डोके धुराच्या लोटात घालू नका. वारा बाजूने येईल असे उभे राहा.
2. छताचा पंखा धूर खाली ढकलतो. धूर निघतो तेथेच ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवा.
3. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. आयएस 9473 चा शिक्का असलेला एफएफपी-2 मास्क काचेच्या आत घाला.
4. बोटीच्या तळात काम असेल तर ब्लोअरने ताजी हवा आत सोडा आणि एक माणूस वर ठेवा. हवेसाठी ऑक्सिजन कधीही सोडू नका, आग भडकते.
5. दूध आणि गूळ जरूर घ्या, पण त्याने मँगनीज निघत नाही.

अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थेने 2013 पासून श्वासात खोल जाणाऱ्या मँगनीजची मर्यादा एका घनमीटर हवेत 0.02 मिलिग्रॅम इतकी खाली आणली आहे. यावरून धोक्याची कल्पना यावी.

मालकाची जबाबदारी

1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत मँगनीजमुळे होणारे आजार होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही ते आहेत. म्हणून कामगाराची नोकरीची नोंद, हजेरी व पगाराची पावती जपावी. दोन माणसांच्या टपरीत तपासणी अधिकारी सहसा येत नाही. तेथे उस्तादच शागिर्दाचा अधिकारी असतो. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उस्तादाचे पाहूनच शिकतो. उस्तादाने मास्क लावला, तर पोरगाही लावील.