भोर-वेल्ह्यातील रस्ते आणि पाणी : हरकतीची वेळ कोणती?

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे सह्याद्रीच्या कुशीतील तालुके म्हणजे पाण्याचे माहेरघर होत. भाटघरचे लॉईड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि वेळवंडीचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेले. भातखाचरे बुडाली ती वरच्या गावांची. शेते भिजली ती खालच्या. नव्या प्रकल्पांविषयी येथील ग्रामस्थ जी शंका घेतात तिचे मूळ या अनुभवात आहे. तिला विकासविरोध म्हणणे अन्यायाचे ठरेल.

कानंदी नदीवर धानेपजवळ बांधलेल्या गुंजवणी धरणाचेच उदाहरण घेऊ. त्याची साठवण ३.६९ अब्ज घनफूट. नियोजित लाभक्षेत्र २१,३९२ हेक्टर. त्यात पुरंदरचा वाटा ११,१०७, भोरचा ९,४३५ आणि धरण ज्या तालुक्यात आहे त्या वेल्ह्याचा अवघा ८५०. पुढे उघड्या कालव्याऐवजी बंद नळाने पाणी नेण्याचे ठरले आणि वाद वाढला.

तांत्रिक दृष्ट्या नळाची बाजू दुबळी नाही. डोंगरउतारावर कालवा खोदला की ओढे तुटतात, भराव खचतो, खाचरांचे तुकडे पडतात. नळ पुरल्यावर माती लोटून शेत पुन्हा कसता येते. बाष्पीभवन व गळतीही वाचते. परंतु कालव्याची गळती म्हणजे केवळ नासाडी नव्हे. खालच्या विहिरींना तीच पाझर देते आणि नळ तो देत नाही. शिवाय उताराने वाहणारे पाणी, मग ते कालव्यातील असो वा नळातील, वरच्या अंगाच्या शिवाराला उपसूनच द्यावे लागते. वाजेघर, वांगणी व शिवगंगा खोऱ्यातील उपसा सिंचनाचा आग्रह ग्रामस्थांनी धरला तो यासाठीच, आणि तो रास्तच म्हटला पाहिजे.

रस्त्याची गोष्ट फारशी वेगळी नाही. भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरणारा मार्ग जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडींनी उद्ध्वस्त झाला. रस्ता हवा, याविषयी दुमत नाही. मात्र रुंदीकरणासाठी डोंगराचा पायथा कापला जातो, निघालेला मुरूम ओढ्यात लोटला जातो आणि पहिल्याच पावसात तो खाचरांत येऊन बसतो. शंभर किलोमीटरांहून कमी लांबीच्या रुंदीकरणास २००६ च्या अधिसूचनेनुसार केंद्राची पूर्व पर्यावरण मंजुरी सहसा लागत नाही. त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. वनजमीन लागत असल्यास १९८० च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी मात्र अटळ आहे.

म्हणून मुदतींकडे लक्ष हवे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली संपादनाची अधिसूचना निघाल्यापासून हरकतीस केवळ २१ दिवस मिळतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ६० दिवस. शेतीच्या घाईत २१ दिवस कसे सरतात ते कळतही नाही. सरपंचांनी अधिसूचना निघताच आखणीचा नकाशा मागवावा, तो घेऊन जुन्याजाणत्या शेतकऱ्यांसह शिवारात फिरावे आणि प्रत्येक ओढा, झरा व विहीर त्यावर नोंदवावी. मोरी कोठे हवी, तिचे तोंड किती रुंद हवे आणि मुरूम कोणत्या गटात टाकावा, हे गट क्रमांकासह लेखी द्यावे व पोच घ्यावी. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्याच ओळीच्या अर्जावर अधिकाऱ्यास काही करता येत नाही. विशिष्ट ओढ्याविषयीच्या हरकतीवर त्यास कारणांसह निर्णय द्यावा लागतो.