भुवया कोरताना होणारी त्वचेची इजा : कारणे, दक्षता व उपचार

भुवया कोरून घेण्याची रीत आता शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीच नव्हे, तर मोठ्या खेड्यांतूनही घरच्या एका खोलीत चालणारी ब्यूटी पार्लर दिसू लागली आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सौंदर्योपचाराचे वर्ग, १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाशी जोडलेले बचत गट आणि जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांनी भरविलेली प्रशिक्षणे यांच्या साह्याने अनेक भगिनींना हा स्वयंरोजगार लाभला आहे. भुवईला आकार कसा द्यावा हे अशा वर्गात शिकविले जातेच. कोणत्या भुवईला मेण लावू नये, हेही तितक्याच काळजीने शिकविले जावयास हवे.

आपल्याकडे भुवयांसाठी दोरा हेच सर्वपरिचित साधन होय. मेणाचा वापर त्यामानाने अलीकडचा. पार्लरच्या बोलीत ज्याला ‘कटोरी वॅक्स’ म्हणतात, ते लहान वाटीत तापवून भुवईखाली लावले जाते आणि निवून घट्ट होताच पट्टीविना ओढून काढले जाते. काम झटपट होते, परंतु दोरा फक्त केसाला पकडतो, तर मेण केसाबरोबर त्वचेलाही चिकटते. इजेचे मूळ येथेच आहे.

त्वचा का सोलवटते?

पापणीची त्वचा संपूर्ण शरीरात सर्वांत पातळ असून तिची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. तिच्या पृष्ठभागावर मृत पेशींचा एक अत्यंत पातळ थर असतो. मेण ओढले की या थरातील काही पेशी निघून येतात. निरोगी त्वचेला त्याचे काही वाटत नाही; थोडी लाली येते व काही तासांत ओसरते. परंतु हा थर आधीच झिजलेला असेल, तर त्याखालील जिवंत थरही मेणाबरोबर उचलला जातो. तेथे लाल, ओलसर, चकाकणारा चट्टा उमटतो, पाणी लागताच झोंबतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर खपली धरते.

अशा वेळी ‘मेणाने भाजले’ असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक भाजणे व सोलवटणे या दोन वेगळ्या इजा आहेत. मेण अतितप्त असेल तर त्वचा भाजते, आणि तो दोष मेण लावणाऱ्या हाताचा. सोलवटणे मात्र मेण बेताचे कोमट असतानाही घडू शकते. त्याचे कारण बहुधा त्या स्त्रीच्या घरातील एखाद्या ट्यूबमध्ये दडलेले असते.

ट्यूबमधील कारण

मुरुमांवर दिली जाणारी ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन ही मलमे तसेच ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेली प्रसाधने वरच्या थराची घट्ट वीण सैल करतात. तीव्र मुरुमांसाठी पोटात घ्यावयाच्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाने सर्वांगाची त्वचा नाजूक होते. ते चालू असताना आणि थांबविल्यानंतरही किमान सहा महिने मेण वापरू नये, असा स्पष्ट इशारा आहे.

आपल्याकडे याहून अधिक चिंतेची बाब म्हणजे ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून वापरली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे. मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांसारखी द्रव्ये ही औषधे आहेत, प्रसाधने नव्हेत. काही मलमांत तर स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन ही तिन्ही एकत्र असतात. महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावल्याने त्वचा कागदासारखी पातळ होते. २०१८ साली केंद्र शासनाने अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून होऊ नये म्हणून नियमांत दुरुस्ती केली. तरीही शेजारणीने सांगितले म्हणून ट्यूब आणणे थांबलेले नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण उद्भवते. ‘काही औषध चालू आहे का?’ असे विचारले असता बहुतेक मुली प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण ते औषध आहे हेच त्यांना ठाऊक नसते. म्हणून प्रश्नच बदलला पाहिजे. ‘तोंडाला रोज काय लावता? ती ट्यूब दाखवा,’ असे विचारणारी पार्लरचालिका निम्मी इजा दारातच थोपविते. ट्रेटिनॉइनसारखे मलम भुवईजवळ लावणे आठवडाभर आधी थांबविणे सुरक्षित ठरते. स्टेरॉइडच्या बाबतीत आठवडा पुरत नाही. पातळ झालेली त्वचा पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात. शिवाय असे मलम एकाएकी बंद केल्यास चेहरा लाल होऊन पुरळ उठू शकते. ते कसे सोडावे हे त्वचारोगतज्ज्ञाकडूनच समजून घ्यावे.

लावताना घ्यावयाची दक्षता

मेण आधी मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावे. ते तेथे चटका देत असेल तर पापणीजवळ नेऊच नये. अनेक मेणांत चिडाची राळ असते व काहींना तिची अ‍ॅलर्जी असते. म्हणून नव्या गिऱ्हाइकाच्या कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक-दोन दिवस वाट पाहणे श्रेयस्कर. केस सुमारे सहा मिलिमीटर वाढलेले असावेत. मेण ओढताना दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरावी आणि ओढ त्वचेलगत आडवी असावी, वर उचललेली नसावी. एका जागी दुसऱ्यांदा मेण लावू नये. राहिलेले केस चिमट्याने काढावेत. त्वचेला एकदा लावलेली काडी पुन्हा वाटीत बुडवू नये, कारण तसे केल्यास एकीच्या त्वचेवरील जंतू दुसरीपर्यंत पोहोचतात.

भुवईजवळ पुळी, नागीण, उन्हाने करपलेली त्वचा अथवा जखम असल्यास ती बरी होईपर्यंत थांबावे. मधुमेह असलेल्या स्त्रियांची जखम उशिरा भरते, हे ध्यानात ठेवावे. कोड असलेल्यांच्या बाबतीत तर मेणच काय, दोराही जपूनच वापरावा. अशा व्यक्तींत इजा झालेल्या जागी नवा पांढरा डाग उमटण्याचा संभव असतो.

लग्नसराईत हळदीच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये रीघ लागते. त्वचा सोलवटली तर त्या दिवशी ना हळद लावता येते ना प्रसाधन. नववधूने हे काम आठ-दहा दिवस आधी उरकावे आणि मेणाचा पहिला प्रयोग लग्नासाठी राखून ठेवू नये.

इजा झाल्यास

भाजले असल्यास त्या जागी वीस मिनिटे साधे गार, वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नये. चिकटलेले मेण ओरबाडू नये; ते निवल्यावर खोबरेल तेलाने किंवा पेट्रोलियम जेलीने हळूहळू सुटे करावे. फोड फोडू नयेत.

सोलवटलेल्या जागी स्वच्छ गार पाण्यात भिजविलेली घडी काही मिनिटे ठेवावी. नंतर सौम्य साबणाने धुऊन, न चोळता टिपून, साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिवसातून दोन-तीनदा द्यावा. जखम कोरडी ठेवली की लवकर भरते, हा समज चुकीचा आहे. ओलावा टिकला तर नवी त्वचा सुलभतेने धरते. जंतुनाशक मलम हवेच असेही नाही. १९९६ साली अमेरिकेत नऊशेहून अधिक रुग्णांच्या लहान शस्त्रक्रियांच्या जखमांवर प्रतिजैविक मलम व पेट्रोलियम जेली यांची तुलना करण्यात आली, तेव्हा जंतुसंसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. काही प्रतिजैविक मलमांची, विशेषतः निओमायसिनची, अ‍ॅलर्जी मात्र होऊ शकते. स्टेरॉइडचे मलम अशा उघड्या जखमेवर मुळीच लावू नये.

वरवरची जखम साधारणतः आठवडा-दहा दिवसांत भरते. खपली आपोआप गळू द्यावी. आपल्या सावळ्या वर्णात इजेनंतर काळपट डाग राहण्याची प्रवृत्ती अधिक असते आणि ऊन तो डाग गडद करते. जखम भरेपर्यंत पदर, ओढणी किंवा छत्रीने सावली करावी. भरल्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक शक्तीचे सनस्क्रीन लावावे. डाग फिका पडण्यास कित्येक महिने लागतात. या काळात ब्लीच किंवा गोरेपणाचे क्रीम लावल्यास तेच दुष्टचक्र पुन्हा सुरू होते.

मेण डोळ्यात गेले, फोड आले, जखमेतून पू वाहू लागला किंवा पाण्याने भरलेले बारीक फोड पुंजक्याने उठले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे. पापणी सुजून ताप येणे, डोळा हलविताना दुखणे अथवा अंधुक दिसणे ही संसर्ग डोळ्याच्या खोबणीकडे पसरत असल्याची लक्षणे असू शकतात. त्यांपैकी एकही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णास जिल्हा रुग्णालयात हलवावे.