पेट्रोल कंपनीत सरकारचा हिस्सा किती? स्वतः तपासा

‘भारत पेट्रोलियम सरकारनं कधीच विकली’ असं छातीठोकपणे सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आपला सगळा ५३.२९ टक्के हिस्सा विकायला मंजुरी दिली होती आणि मे २०२२ मध्ये ती विक्रीच रद्द झाली. तेल कंपन्या लोकांच्या पैशातून उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल ऐकीव माहितीवर विसंबू नये. मोबाइलवर तपासायला अर्धा तास पुरतो.

आधी पंपावरची पाटी पाहून कंपनीचं नाव टिपून घ्या. पंप चालवणारा डीलर वेगळा आणि कंपनी वेगळी. मग मुंबई शेअर बाजाराच्या (बीएसई) संकेतस्थळावर कंपनीचा क्रमांक टाका: इंडियन ऑइल ५३०९६५, भारत पेट्रोलियम ५००५४७, हिंदुस्थान पेट्रोलियम ५००१०४. तिथे ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ उघडा. तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत हा तक्ता देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, म्हणून तो कोणत्या तिमाहीचा आहे ते आधी बघा.

आता प्रमोटर (प्रवर्तक) या गटात उतरा. सरकारचे शेअर तिथे भारताच्या राष्ट्रपतींच्या नावावर असतात. इंडियन ऑइलमध्ये ही नोंद ५१.५० टक्क्यांची दिसते. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या तक्त्यात मात्र राष्ट्रपती सापडणार नाहीत. तिथे प्रमोटर म्हणून ओएनजीसी ही दुसरी तेल कंपनी आहे, ५४.९० टक्क्यांची. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना विकत घेतला. कंपनी सरकारच्या हातातून गेली असा समज इथेच होतो. तेव्हा थांबू नका, ओएनजीसीचा तक्ता (५००३१२) उघडा. तिच्यात सरकार ५८.८९ टक्के आहे.

या तक्त्यांत एलआयसीचे शेअर दिसले, तर तेही सरकारच्या खात्यात धरायचा मोह होईल, तो टाळा. त्यामागे विमेदारांचा पैसा आहे.

कंपनीमागे कंपनी अशी साखळी कशी मोजायची, त्याचं उदाहरण कोल्हापुरातच आहे. जिल्ह्यात सीएनजी आणि पाइप गॅसचं काम एचपीऑइल गॅस या कंपनीकडे आहे. तिची निम्मी मालकी हिंदुस्थान पेट्रोलियमची, निम्मी ऑइल इंडियाची. ही कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे भागीदारी पालक कंपन्यांच्या वार्षिक अहवालात शोधावी लागते. मग गुणाकार करा. ५८.८९ टक्क्यांचे ५४.९० टक्के म्हणजे ३२.३३, त्याचे निम्मे १६.१७. ऑइल इंडियात सरकार ५६.६६ टक्के, त्याचे निम्मे २८.३३. बेरीज साडेचव्वेचाळीस टक्के. इंडियन ऑइल आणि गेलकडेही ओएनजीसीचे शेअर आहेत, ते मोजले तर आकडा थोडा वाढतो.

म्हणजे आपल्या गॅस कंपनीच्या भांडवलात सरकारचा वाटा निम्म्याहून कमी, पण तिच्या दोन्ही मालक कंपन्या सरकारच्याच ताब्यातल्या. वाटा आणि ताबा या दोन गोष्टी नेहमी वेगळ्या लिहून काढा. माझ्या मते या सगळ्या तपासातलं हेच सर्वांत महत्त्वाचं काम आहे. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं, म्हणून साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांवर होतो आणि ५१ टक्क्यांना एवढी किंमत येते. कंपनीच्या घटनेतल्या बदलासारख्या विशेष ठरावाला मात्र बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात, तिथे ५१.५० टक्के असले तरी ठराव मंजूर होण्याची आपोआप हमी नाही.

सरकारला लाभांश किती मिळाला, हे केंद्राच्या ‘दीपम’ विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. तरीही काही अडलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. सरकारी तेल कंपन्यांना हा कायदा लागू आहे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘सविस्तर माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेचा, कोणाच्या नावावरचा हिस्सा हवा आहे ते नेमकं विचारा.