फलक आणि अष्टफलक

मुलांनो, भूमितीच्या किंवा विज्ञानाच्या मराठी पुस्तकात तुम्हांला कधीतरी ‘अष्टफलक’ हा शब्द भेटेल. ‘अष्ट’ म्हणजे आठ, हे तुम्ही सहज ओळखाल. पण पुढे ‘फलक’ आहे. उर्दूत फलक म्हणजे आसमान. मग अष्टफलक म्हणजे आठ आसमाने काय ? शब्द असा वाचला, तर पुढचे सगळे उदाहरण चुकेल. म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ या.

उर्दूतला फलक अरबी भाषेतून आला आहे. तो ‘फे’ या अक्षराने लिहितात. मराठीतला फलक संस्कृतातून आला आहे. त्याचा अर्थ फळी किंवा पाटी असा आहे. हा फलक तुम्ही रोज पाहता. शाळेच्या दारावर नामफलक असतो. व्हरांड्यात सूचनाफलक असतो. पंढरपूरहून येताना रस्त्याच्या कडेला ‘मंगळवेढा’ असे लिहिलेला फलक दिसतो. हे सारे फलक सपाट असतात. भूमितीत घनाकृतीच्या सपाट पृष्ठालाही फलक म्हणतात. ज्या घनाकृतीला असे ८ फलक असतात, तिला अष्टफलक म्हणतात. चार फलक असले, तर ती चतुष्फलक.

आठही फलक एकसारखे समभुज त्रिकोण असले आणि प्रत्येक टोकापाशी चार त्रिकोण एकत्र आले, तर त्या आकृतीला सम अष्टफलक म्हणतात. ही आकृती तुम्हांला हाताने करता येईल. मंगळवेढा ही तर ज्वारीची भूमी. इथल्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच ज्वारीचे वाळलेले धाट घ्या. त्याच्या सालीच्या सारख्या लांबीच्या १२ काड्या करा. ओल्या मातीच्या ६ गोळ्या वळा.

आधी ४ गोळ्या आणि ४ काड्या जोडून एक चौरस करा. चौरसाच्या प्रत्येक गोळीतून एकेक काडी वर न्या आणि त्या चारही काड्या वरच्या एका गोळीत खोचा. तसेच चार काड्या खाली नेऊन शेवटच्या गोळीत खोचा. झाला अष्टफलक तयार ! आता मोजा. वर ४ त्रिकोण, खाली ४ त्रिकोण, म्हणजे ८ फलक. काड्या म्हणजे कडा, त्या १२. गोळ्या म्हणजे शिरोबिंदू, ते ६. मधला चौरस मात्र मोजायचा नाही. तो आकृतीच्या पोटात आहे, बाहेरचा फलक नाही.

अष्टफलक आणि अष्टकोन यांत गल्लत करू नका. अष्टकोन कागदावर काढता येतो. त्याला ८ बाजू आणि ८ कोन असतात. विजापूरचा गोल घुमट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या चार कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत. ते अष्टकोनी आहेत. उर्दूत अशा इमारतीला मुसम्मन किंवा हश्त पहलू म्हणतात. त्या मनोऱ्यांना अष्टफलक म्हणता येणार नाही.

आता ‘पहलू’ या शब्दाकडे पाहा. हा फारसी शब्द मराठीत आला आणि ‘पैलू’ झाला. जवाहिरे हिऱ्याला पैलू पाडतात. जो खेळाडू फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण या सर्वांत तरबेज असतो, त्याला मराठीत अष्टपैलू खेळाडू म्हणतात. ‘अष्ट’ संस्कृत आणि ‘पैलू’ फारसी. दोन्ही मिळून एक मराठी शब्द झाला आहे. इतकेच नव्हे, तर फारसी ‘हश्त’ आणि संस्कृत ‘अष्ट’ हेही एकाच भाषाकुळातले भाऊ आहेत.

निसर्गातही अष्टफलक सापडतात. खाणीतून निघालेला कच्चा हिरा पुष्कळदा अष्टफलकाच्या आकाराचा असतो. हिरा सर्वांना मिळणार नाही, पण तुरटी मिळेल. तुरटी म्हणजे तुमची फिटकरी. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवा. पाणी गार झाले की दोऱ्याला तुरटीचा एक लहान खडा बांधून त्यात सोडा. भांडे काही दिवस हलवू नका. खडा हळूहळू वाढेल आणि त्याला त्रिकोणी फलक दिसू लागतील.

मुलांनो, ‘पैलू’ तुमच्या घरचाच शब्द निघाला. ‘फलक’ मात्र घरच्या शब्दासारखा दिसला, तरी निराळा निघाला. दोन भाषा जाणणाऱ्याला हा फायदा आहे आणि हा धोकाही आहे. म्हणून ओळखीचा शब्द दिसला, तरी पूर्ण वाक्य वाचा आणि मगच अर्थ ठरवा.

शब्दार्थ
घनाकृती – लांबी, रुंदी व उंची असलेली आकृती
कडा – दोन फलक जिथे मिळतात त्या रेषा
शिरोबिंदू – कडा जिथे एकत्र येतात तो बिंदू
धाट – ज्वारीचे ताट, कणसाखालचा दांडा
गल्लत – घोटाळा, चूक
तरबेज – निपुण

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठीत ‘फलक’ या शब्दाचा अर्थ काय ?
(आ) अष्टफलकाला किती कडा असतात ?
(इ) मधला चौरस फलक म्हणून का मोजत नाहीत ?
२. फरक सांगा : अष्टकोन – अष्टफलक.
३. वाक्यात उपयोग करा : सूचनाफलक, अष्टपैलू, पैलू पाडणे.
४. उर्दूत आणि मराठीत सारखे ऐकू येणारे, पण वेगळ्या अर्थाचे आणखी दोन शब्द शोधून लिहा.