कुत्रा पाळायचा आहे : मोठ्या जातीचा की छोट्या जातीचा?



'माझा आवडता प्राणी' या निबंधात बरीच मुलं कुत्र्यावरच लिहितात. 'कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो' ही वाक्यं ठरलेली. पण तीच मुलं घरी "आपण कुत्रा आणूया ना!" असा हट्ट धरतात, तेव्हा मोठ्या जातीचा आणायचा की छोट्या, हा प्रश्न पालकांपुढे येतो. त्यासाठी हा पाठ.

१) वजन आणि आयुष्य

लॅब्राडोर साधारण २५ ते ३५ किलोचा होतो, ग्रेट डेन ५० किलोच्याही पुढे जातो. पग ६ ते ८ किलोचा, तर पॉमेरेनियन जेमतेम २-३ किलोचा. (आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात तो बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतो.)

हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, हे मुलांना माहीत असतं. कुत्र्यांच्या जातींमध्ये मात्र उलटं आहे. ग्रेट डेन साधारण ७ ते १० वर्षं जगतो, लॅब्राडोर १० ते १२, आणि अनेक छोट्या जाती १२ ते १५ वर्षं.

आता वर्गात एक गणित घाला. मूल आज ८ वर्षांचं आहे आणि पिल्लू १४ वर्षं जगलं, तर तेव्हा मुलाचं वय किती? २२! म्हणजे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ते कदाचित बाहेरगावी असेल. मग कुत्र्याला फिरवणार कोण? हट्ट मुलाचा असला तरी जबाबदारी मोठ्यांचीच असते, ती अशी.

२) छोटा कुत्रा म्हणजे खेळणं नाही

छोट्या कुत्र्याची हाडं नाजूक असतात. लहान मूल त्याला उचलतं, हातातून पाडतं, शेपूट ओढतं. घाबरलेला कुत्रा मग चावतो. लॅब्राडोर स्वभावाने शांत, पण ३० किलोचा कुत्रा आनंदाने अंगावर आला तर रांगतं बाळ काय, आजीसुद्धा पडू शकते. आणि त्याने जोरात ओढ घेतली तर पट्टा चौथीतल्या मुलाच्या हातात राहणार नाही.

३) जागा आणि ऊन

'फ्लॅट लहान, म्हणून कुत्रा लहान' हे नेहमी खरं नसतं. बीगल आकाराने लहान, पण त्याला रोज भरपूर पळायला लागतं. स्पिट्झ प्रत्येक बेलला भुंकतो, शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पगचं नाक चपटं, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतात. हस्की आणि सेंट बर्नार्ड तर थंड प्रदेशातले. आपलं गावठी पिल्लू मध्यम आकाराचं आणि इथल्या हवेला सरावलेलं. त्याचाही जरूर विचार करा.

४) खर्च

जेवण आणि जंताचं औषध वजनाप्रमाणे वाढतं. रेबीजच्या लसीचा डोस मात्र मोठ्या आणि छोट्या कुत्र्याला सारखाच असतो.

५) सगळ्यात महत्त्वाचं

"छोटंसं पिल्लू तर आहे, जरासा दात लागला" असं म्हणून सोडून देऊ नका. रेबीज कुत्र्याच्या आकारावर नसतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. थेट दवाखान्यात जा. आणि ओरडा बसेल म्हणून चावा लपवायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

उपक्रम

मुलांना घरून एक तक्ता भरून आणायला सांगा : सकाळी फिरवणं, शी उचलणं, जेवण, आंघोळ, लसीची तारीख लक्षात ठेवणं, सुट्टीत गावाला गेल्यावर सांभाळणं. प्रत्येक कामापुढे घरातल्या माणसाचं नाव लिहायचं. सगळीकडे 'आई' असेल, तर आईला विचारल्याशिवाय पिल्लू आणायचं नाही. आणि एखादी जागा रिकामी राहिली, तर मोठा की छोटा हा प्रश्न सध्या बाजूला ठेवलेला बरा.

तुमच्या वर्गातले तक्ते कसे भरले गेले, ते नक्की कळवा.